निळा क्रॉस आणि गोल पदक, दोन्हींचं नाव एकच कसं? (पूर ल मेरीत)

रानवारा

नमस्कार मंडळी, पहिल्या महायुद्धावर सध्या जमेल तसं वाचतोय, त्यातून एक किडा डोक्यात शिरलाय तो इथे सोडतो. रिश्टहोफेन आणि बाकीच्या जर्मन वैमानिकांचे फोटो बघितले तर कॉलरच्या खाली, बरोब्बर गळ्यापाशी एक क्रॉस लटकलेला दिसतो. रंगीत चित्रात तो गडद निळा असतो. नाव 'पूर ल मेरीत' (फ्रेंचमध्ये 'गुणवत्तेसाठी'), इथपर्यंत ठीक.

पण मग मॅक्स प्लांकच्या माहितीत हेच नाव, आइनस्टाइनच्या माहितीत हेच, आणि कहर म्हणजे केटं कोलवित्झच्या माहितीतही हेच! ज्या बाईंचा मुलगा त्याच युद्धात गेला आणि ज्यांनी पुढे आयुष्यभर युद्धाविरुद्ध चित्रं काढली त्यांना आणि हिटलरच्या सेनापती रोमेलला एकच पदक? प्लांकचा एक फोटो मिळाला त्यात तर क्रॉस नाहीच, काहीतरी गोल आहे.

तर प्रश्न असे की हे एकच पदक आहे की दोन, आणि प्रशियाच्या (जर्मनीतलं एक राज्य) राजाचं पदक, घालणारे फ्रान्सशी लढणारे, मग त्यावर फ्रेंच अक्षरं कशाला? कोणीच बदललं नाही का दोनशे वर्षांत?

शिवाय एका लिलावाच्या साइटवर एक नग बघितला, 'वैमानिकाचा, १९१७ सालचा, अस्सल सोन्याचा' असं लिहिलंय. घेणार नाहीये (किमतीतले शून्य मोजतानाच दमलो) पण क्रॉसवरची अक्षरं विचित्र तुटलेली आहेत, एका बाजूला 'पूर', दुसऱ्या बाजूला 'ल मे', आणि खाली नुसतं 'रीत'. वर पानंबिनं काही नाहीत, रिबन काळी आणि त्यात तीन चंदेरी पट्टे. हे नकली म्हणून असं आहे का मुळातच असं असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

नाणेवाला

पदकांचा नाद आहे त्यामुळे शेवटचा प्रश्न आधी घेतो, इतिहास बाकीचे सांगतीलच.

अक्षरं मुळातच तशी तुटतात. क्रॉसला चार हात, वरचा हात राजासाठी राखीव, त्यावर मुकुट आणि खाली 'एफ' म्हणजे फ्रीडरिश. उरले तीन हात आणि वाक्य आहे तीन शब्दांचं, पण शेवटचा शब्द एका हातावर मावत नाही म्हणून तो मधोमध चिरलाय. डावीकडे पूर, उजवीकडे ल मे, खाली रीत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं कारागिराचा अंदाज चुकला. पण अस्सल क्रॉसवर हे असंच असतं, त्यामुळे यावरून नकली ठरवता येणार नाही.

बाकी घडण अशी की माल्टीज पद्धतीचा क्रॉस, म्हणजे प्रत्येक हात टोकाला रुंद होऊन मध्ये खाच पडलेला, आणि एकूण आठ टोकं. धातूवर निळी मिनाकारी, कडेने सोन्याची बारीक रेघ, आणि हातांच्या मधल्या चार बेचक्यांत पंख पसरलेले चार गरुड. गरुडांकडे नीट बघत जा, तिथेच बऱ्याच नकला पकडल्या जातात, चांगल्या कारखान्याच्या क्रॉसवर पिसं वेगवेगळी दिसतात आणि स्वस्त कॉपीत गरुड म्हणजे नुसता गोळा असतो. आकार साधारण ५ सेंमी, गळ्यात घालायचा, छातीवर नाही.

आता तुमचा तो नग. दोन गोष्टी खटकतात. एक म्हणजे रिबन. साध्या पूर ल मेरीतची रिबन काळी आणि दोन्ही कडांजवळ एकेक चंदेरी पट्टा. मधला तिसरा पट्टा कधी, तर ओकची पानं मिळाली की. ही पानं म्हणजे त्याच पदकाची वरची पायरी, १८१३ ला सुरू झाली, तीन पानांचा झुबका क्रॉसच्या वर कडीपाशी बसतो. तेव्हा पानं नाहीत आणि पट्टे तीन, हे जुळत नाही. रिबन नंतर कोणीतरी बदललेली असू शकते, पण मग विकणाऱ्याने तसं लिहावं ना.

दुसरं, १९१७ आणि सोनं. युद्धाच्या सुरुवातीला क्रॉस खरंच सोन्याचे होते, पण सरकारला सोन्याची चणचण भासायला लागली आणि १९१६ च्या शेवटापासून चांदीचे करून वर सोन्याचा मुलामा द्यायला सुरुवात झाली. त्या चांदीच्या नगांवर ९३८ असा शुद्धतेचा आकडा आणि बनवणाऱ्याची खूण असते, बर्लिनचे वाग्नर आणि फ्रीडलेंडर हे त्यातले मोठे. त्यामुळे १९१७ चा आणि सोन्याचा असं कोणी म्हणालं की मी आधी भुवया वर करतो. या पदकाच्या नकला तर युद्ध संपल्यापासून आजतागायत निघतायत, खऱ्यापेक्षा खोटेच जास्त फिरत असतील.

एक गंमत राहिली. १८४४ पासून नियम आला की पदक मिळून ५० वर्षं झाली आणि माणूस जिवंत असेल तर क्रॉसला जोडायला सोन्याचा छोटा मुकुट मिळणार. लढाईत मिळालेलं पदक आणि वर ५० वर्षं जगायचं, किती जणांच्या नशिबात असणार!

आजोबांची_डायरी

नाणेवाला, मस्त. वाचनखूण साठवली.

रानवारा, पदकं दोन, मूळ एक. जरा मागून सांगतो.

१६६७ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरचा (तिथल्या राज्यकर्त्याचा) मुलगा फ्रीडरिश याने, तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा पोरगा होता, 'ओर्द्र द ला जेनेरोझिते' नावाचं एक पदक काढलं. औदार्याचं पदक. हाच पुढे प्रशियाचा पहिला राजा झाला. त्याचा मुलगा फ्रीडरिश विल्हेल्म पहिला, म्हणजे ज्याला उंच शिपायांचं वेड होतं तो, त्याने हे औदार्याचं पदक कोणाला वाटावं? तर आपल्या पलटणीसाठी सहा-सहा फुटी गडी शोधून आणणाऱ्या अधिकाऱ्यांना! पदकाची पार रया गेली.

मग १७४० ला गादीवर आला फ्रीडरिश दुसरा, ज्याला फ्रेडरिक द ग्रेट म्हणतात. त्याने गादीवर आल्या आल्या, जून महिन्यातच, आजोबांचं पदक मोडीत काढून त्याच धाटणीचा निळा क्रॉस ठेवला आणि नाव नवीन दिलं, पूर ल मेरीत. फ्रेंचचं कोडं इथेच सुटतं. हा माणूस बोलायचा फ्रेंच, लिहायचा फ्रेंच, त्याची पुस्तकं-कविता फ्रेंच, जर्मन साहित्याला तो हिंग लावून विचारत नव्हता. त्या काळी युरोपातल्या बहुतेक दरबारांत हेच होतं. पुढे नेपोलियनशी लढताना, १८७० ला, १९१४ ला प्रत्येक वेळी फ्रान्स समोर होता तरी नावाला कोणी हात लावला नाही, कारण क्रॉसवर फ्रीडरिशचं अक्षर होतं आणि प्रशियाच्या फौजेत त्याचं नाव देवासारखं. देवाच्या मूर्तीवरची अक्षरं कोण खोडणार?

आणि महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला हे फक्त सैनिकांचं पदक नव्हतंच. फ्रीडरिशने ते त्याच्या आवडत्या विद्वानांनाही दिलं. सगळ्यात गाजलेलं प्रकरण व्हॉल्तेअरचं. १७५० मध्ये हा पॉट्सडॅमला आला, राजाने गळ्यात क्रॉस घातला, दरबारी मानाची किल्ली दिली, भरघोस तनखा दिला. दोघांचं गुळपीठ जेमतेम दोन-अडीच वर्षं टिकलं. व्हॉल्तेअरने बर्लिनच्या अकादमीच्या अध्यक्षाची, मोपेर्त्वीची, टिंगल करणारं चोपडं लिहिलं, राजाने ते जाहीर जाळायला लावलं, आणि १७५३ च्या १ जानेवारीला व्हॉल्तेअरने क्रॉस आणि किल्ली परत पाठवून दिली. राजाने पुन्हा त्याच्याकडे धाडली! शेवटी तो निघाला तर फ्रँकफुर्टला प्रशियाच्या माणसाने, फ्रायटाग नावाच्या, त्याला अडवलं, क्रॉस दे, किल्ली दे, आणि महाराजांच्या कवितांचं पुस्तक दे. पुस्तक मागून येणाऱ्या सामानात होतं, त्यामुळे महिनाभराहून जास्त तो तिथे अडकून पडला. राजाला क्रॉसपेक्षा त्या कवितांची जास्त धास्ती होती असं माझं मत, त्या व्हॉल्तेअरच्या हातात राहिल्या असत्या तर साऱ्या युरोपात हसं झालं असतं.

फ्रीडरिशच्या मागून आलेल्या पुतण्याने पदक इतकं सैल हाताने वाटलं की पुन्हा भाव उतरला. मग १८१० मध्ये फ्रीडरिश विल्हेल्म तिसऱ्याने नियम घातला की यापुढे पूर ल मेरीत फक्त रणांगणावरच्या कामगिरीसाठी. झालं, विद्वानांचा पत्ता कट.

आजोबांची_डायरी

(पोस्ट फार लांबली म्हणून तोडली)

गोल पदक येतं ते ३१ मे १८४२ ला. तारीख मुद्दाम निवडलेली, फ्रीडरिश गादीवर आला तो दिवस ३१ मे. तेव्हाचा राजा फ्रीडरिश विल्हेल्म चौथा, आणि त्याच्या कानाशी लागलेला आलेक्झांडर फॉन हुंबोल्ट, तोच तो दक्षिण अमेरिका पालथी घालणारा. यांनी विद्या आणि कलांसाठी वेगळा वर्ग काढला, त्याला शांतता वर्ग म्हणतात. हुंबोल्ट पहिला चान्सलर, चित्रकार कोर्नेलियुस त्याचा उपप्रमुख.

याचे नियम वाचण्यासारखे आहेत. जर्मन ३०, बस्स. परदेशी जास्तीत जास्त तेवढेच. जर्मन जागा रिकामी होणार कधी, तर कोणी वारला की. आणि जागा रिकामी झाली की नवीन माणूस कोण हे उरलेले सदस्य मत देऊन सुचवणार, राजा त्यावर शिक्का मारणार. धर्मशास्त्राचे पंडित यात घ्यायचे नाहीत असं कलमातच लिहिलंय, म्हणजे पाद्र्यांच्या भांडणापासून लांब. पहिल्याच यादीत बघा कोण कोण, गणिती गाउस, याकोब ग्रिम (परीकथावाले बंधू, त्यातला थोरला), मेंडेल्सझोन, परदेशी लोकांत फॅरडे, फोटोग्राफीवाला दागेर, संगीतकार लिस्ट आणि रोसिनी. डार्विन पुढे १८६७ ला आला.

१८१० नंतर विद्वानांना बाहेर काढलं होतं ते ३२ वर्षांनी असे वेगळ्या दाराने आत आले, आणि गंमत म्हणजे शेवटी घर त्यांच्याच ताब्यात राहिलं. ते कसं ते सांगतो नंतर, आत्ता मीटिंग आहे.

विमानवेडा

डायरीकाका मीटिंगला गेलेत तोवर आमची बाजू.

पहिल्या महायुद्धात पहिला क्रॉस मिळाला तो ऑगस्ट १९१४ मध्ये, बेल्जियममधलं लीएज घेतल्याबद्दल जनरल एमिशला, पाठोपाठ त्याच लढाईसाठी लुडेनडॉर्फला. वैमानिकांत पहिले दोघं माक्स इमेलमान आणि ओस्वाल्ड ब्योल्के, एकाच दिवशी, १२ जानेवारी १९१६, प्रत्येकी ८ विमानं पाडल्यावर. इंग्रजीत या क्रॉसला 'ब्लू मॅक्स' म्हणतात ते या माक्सवरून पडलं असं सांगतात. बिचारा त्याच वर्षी जूनमध्ये गेला.

मग झालं काय की ८ पाडणारे वाढायला लागले. म्हणून आकडा वाढवला. रिश्टहोफेनचे ८ झाले तेव्हा त्याला वाटलं आता मिळणार, तर नाही, १६ झाले तेव्हा जानेवारी १९१७ मध्ये मिळाला. त्यानंतर २०, आणि युद्ध संपता संपता ३० च्या आसपास. म्हणजे १९१६ चा क्रॉस आणि १९१८ चा क्रॉस दिसायला सारखा पण मागची मेहनत चौपट. याला मी तर सरळ महागाई म्हणेन.

ओकची पानं मात्र रिश्टहोफेनला कधी मिळाली नाहीत. पानं लढाई जिंकून देणाऱ्या सेनापतीला, एकट्याने ७० विमानं पाडणं त्या व्याख्येत बसेना. म्हणून त्याला दुसरंच एक पदक दिलं, रेड ईगल ऑर्डरचा तिसरा वर्ग, मुकुट आणि तलवारींसह. नाणेवालांचा मुद्दा यातून पक्का होतो, 'वैमानिकाचा' आणि तीन पट्टे हे लक्षण बरं नाही.

रोमेलचं पण ऐका. ऑक्टोबर १९१७, इटलीच्या सीमेवर कापोरेट्टोची लढाई, वरून सांगितलेलं की माताजूर शिखर घेणाऱ्याला पूर ल मेरीत. रोमेलने घेतलं. आणि क्रॉस मिळाला भलत्याच अधिकाऱ्याला, कारण त्याच्या लोकांनी दुसरीच टेकडी माताजूर समजून वर कळवलं! रोमेल चांगलाच भडकला, तक्रारी वरपर्यंत गेल्या, डिसेंबरमध्ये त्याला आणि त्याच्या मेजरला मिळाला. दुसऱ्या महायुद्धातले त्याचे फोटो बघा, हिटलरच्या काळातली पदकं आहेतच पण गळ्यात निळा क्रॉस हटकून असतो.

सबंध पहिल्या महायुद्धात ६८७ जणांना क्रॉस आणि १२२ जणांना ओकची पानं. आयर्न क्रॉस लाखोंनी वाटले गेले त्या मानाने हे काहीच नाही.

कावेबाज बोका

सगळं छान छान चाललंय. पण एक सांगा, ६८७ मध्ये साधे शिपाई किती? मला वाटतं शून्य. चिखलात सडणारा तो, आणि गळ्यात निळा दागिना साहेबाच्या. राजेलोकांची ही आयडिया बेस्ट आहे, इनाम-जमीन द्यायला नको, पाच सेंटिमीटरचा पत्रा दिला की माणूस मरायला तयार.

नाणेवाला

बोकोबा, शून्य बरोबर आहे. पूर ल मेरीत फक्त अधिकाऱ्यांना. साध्या सैनिकांसाठी प्रशियात वेगळं होतं, सोनेरी लष्करी मेरिट क्रॉस, १८६४ पासून, त्याला लोक शिपायांचं पूर ल मेरीत म्हणायचे. म्हणजे पदकातही पंगती वेगळ्या.

पण 'राजा देतो, लोक घेतात' एवढं सरळ पण नव्हतं हां. कवी लुडविग ऊलांडला १८५३ मध्ये शांतता वर्गात निवडलं, त्याने चक्क नाही म्हणून कळवलं, १८४८ च्या क्रांतीतल्या आपल्या सोबत्यांना शिक्षा होत असताना त्याच राजांकडून मान कसा घेऊ अशी त्याची भूमिका. आणि याच्या उलट टॉमस कार्लाइल, १८७४ मध्ये त्याने ब्रिटिश सरकारने देऊ केलेला मोठा किताब नाकारला आणि त्याच वर्षी प्रशियाचं हे घेतलं, कारण फ्रीडरिशचं भलंमोठं चरित्र लिहिण्यात त्याची कित्येक वर्षं गेली होती.

एक दुरुस्ती नाही पण भर, 'जर्मन शाही पदक' म्हणताना लक्षात ठेवा की १९१८ पर्यंत जर्मनीत एक नाही चार राजे होते. प्रशिया, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेमबेर्ग. चौघांची पदकं वेगळी. बव्हेरियाचं माक्स योसेफ पदक मिळालं तर सामान्य घरातल्या माणसाला नावात 'रिटर फॉन' लावता यायचं, सरदारकीच मिळायची, फक्त त्याच्यापुरती, पोरांना नाही. पूर ल मेरीतमध्ये तसं काही नव्हतं, नावात बदल नाही, नुसता क्रॉस.

आणि रानवारा, प्लांकच्या फोटोतलं गोल पदक. त्यात धातूचा सलग क्रॉस नाहीच. मध्ये छोटी सोन्याची चकती, तिच्यावर प्रशियाचा गरुड. चकतीच्या चार दिशांना फ्रीडरिश दुसऱ्याची मोहोर, म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन 'एफ' आणि दोनचा रोमन आकडा, अशी चारदा, वर मुकुट. या चार मोहोरांनीच क्रॉसचा आकार तयार होतो, मधली जागा पोकळ, आरपार दिसते. बाहेरून निळ्या मिनाकारीची गोल कडी आणि तिच्यावर तेच तीन शब्द, इथे कडी गोल असल्यामुळे शब्द चिरायची वेळ येत नाही. रिबन तीच, काळी आणि चंदेरी. मला विचाराल तर घडणीत हे जास्त सुंदर आहे, सैनिकी क्रॉस लांबून उठून दिसतो पण हे हातात धरून बघण्यासारखं. फोटोत मात्र काळ्या कोटावर ते हरवून जातं.

सिंहगडरोड

आपल्याकडचे धागे कोणीच जोडले नाहीत म्हणून मी जोडतो.

शांतता वर्गाच्या १८४२ च्या पहिल्या यादीतच फ्रान्झ बोप आहे, संस्कृत, ग्रीक, लॅटिनची व्याकरणं शेजारी ठेवून तुलना करणारा. त्याच यादीत ऑगस्ट विल्हेल्म श्लेगल, त्याने भगवद्गीता लॅटिनमध्ये नेली. म्हणजे पाणिनीच्या जिवावर दोघांना पदक मिळालं म्हणा ना (हलके घ्या). पुढे १८७४ मध्ये मॅक्स म्युलर, ऋग्वेदवाले. हेच म्युलर टिळक १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले तेव्हा त्यांच्या सुटकेच्या अर्जासाठी पुढे आले होते, आणि आपल्या ऋग्वेदाची प्रत त्यांनी टिळकांना तुरुंगात पाठवली होती. ती वाचताना सुचलेलं पुढे टिळकांच्या आर्क्टिक होमच्या प्रस्तावनेत आलंय.

सैनिकी क्रॉसचे धागे कमी गोड आहेत. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून भारतीय फौज पूर्व आफ्रिकेला निघाली, त्यात '१०१ ग्रेनेडियर्स' ही पलटण होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला टांगा बंदरावर उतरले आणि आठ-एक हजारांच्या फौजेला हजारभर लोकांनिशी जर्मन सेनापती लेटो-फॉरबेकने मागे रेटलं. आपली माणसं जहाजात आठवडेच्या आठवडे कोंबलेली, उतरली ती आजारी, समोरच्याला आधीच खबर लागलेली. लेटो-फॉरबेकला १९१६ मध्ये पूर ल मेरीत आणि १९१७ मध्ये ओकची पानं मिळाली, तीही आफ्रिकेत असतानाच.

दुसरा एमडेन या जर्मन लढाऊ जहाजाचा कप्तान कार्ल फॉन म्युलर. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या तो. नोव्हेंबरमध्ये जहाज बुडण्याच्या बेताला आलं, तो कैदेत पडला, आणि क्रॉस मिळाला थेट मार्च १९१८ मध्ये.

आजोबांची_डायरी

आलो. सिंहगडरोड, टांगाचं बरं आठवलंत.

राहिलेलं सांगतो. ९ नोव्हेंबर १९१८ ला कैसरची (जर्मन सम्राट, तोच प्रशियाचा राजा) गादी गेली. सैनिकी क्रॉस देणारा हात राजाचा, राजाच नाही तर क्रॉस कोण देणार? तो वर्ग तिथे संपला. नवीन राज्यघटनेत सरकारने पदकं-किताब द्यायचेच नाहीत असं कलम आलं.

पण शांतता वर्गात निवड कोण करायचं? सदस्य. राजा नुसता शिक्का मारायचा. शिक्का मारणारा गेला म्हणून निवडणारे काय घरी बसतात होय! त्यांनी आम्ही आता स्वतंत्र मंडळ अशी भूमिका घेतली, १९२४ मध्ये प्रशियाच्या सरकारने ती मान्य केली, आणि गाडी चालू राहिली. आइनस्टाइन १९२३, कोलवित्झ १९२९, त्या यातल्या पहिल्या महिला. म्हणजे रानवारा, तुम्हाला जो विरोधाभास वाटला तो कोलवित्झबाईंच्या बाबतीत नाहीच, त्यांना पदक कुठल्या राजाने दिलेलं नाही, त्यांच्यासारख्याच चित्रकार-शास्त्रज्ञांनी निवडून दिलंय.

१९३३ नंतर नाझींनी नव्या निवडी होऊ दिल्या नाहीत. आइनस्टाइनने त्याच वर्षी राजीनामा दिला. वीस वर्षांत मंडळ आपोआप झिजत गेलं, कारण जागा रिकामी होत होती आणि भरली जात नव्हती. मग १९५२ च्या ३१ मेला (पुन्हा तीच तारीख बघा) पश्चिम जर्मनीचे अध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी ते पुन्हा उभं केलं. त्याच्या आधी त्यांनी आइनस्टाइनला पत्र लिहून परत या म्हणून विचारलं होतं, ज्यूंच्या कत्तलीनंतर कुठल्याच जर्मन संस्थेत मला नाव नको असं त्याचं उत्तर आलं. मला तरी त्यात काही अवास्तव वाटत नाही.

सैनिकी क्रॉस मात्र पुन्हा कोणी काढला नाही. ज्यांना मिळाला होता ते एकेक करून गेले, शेवटचा एर्न्स्ट युंगर, लेखक, १९१८ च्या सप्टेंबरात २३ व्या वर्षी मिळालेला, फेब्रुवारी १९९८ मध्ये १०२ वर्षांचा होऊन गेला. ५० वर्षांच्या मुकुटाचा हिशोब लावला तर हा दीड वेळा पात्र, फक्त द्यायला राजा नव्हता.

रानवारा

बाप रे, विचारलं एक आणि मिळालं पोतंभर, सगळ्यांना दंडवत. लिलाववाल्याला मधल्या पट्ट्याबद्दल विचारलंय, उत्तर यायचंय (येईल असं वाटत नाही).

एकच शेवटचं, परदेशी जागा अजून आहेत का? एखाद्या भारतीयाला मिळालंय?

आजोबांची_डायरी

आहेत. आता ३० चे ४० झालेत, ४० जर्मन आणि ४० परदेशी, निवड अजूनही सदस्यच करतात, राष्ट्राध्यक्ष फक्त आश्रयदाते. भारतीयांत सर्वपल्ली राधाकृष्णन, पन्नासच्या दशकात, म्हणजे ते उपराष्ट्रपती असताना. ब्रिटनचं ऑर्डर ऑफ मेरिट पण त्यांना मिळालं १९६३ ला, आणि ते १९०२ मध्ये एडवर्ड सातव्याने काढलं तेव्हा डोळ्यासमोर हेच प्रशियाचं होतं, २४ च माणसं वगैरे मर्यादा तिथूनच. फरक एवढाच की तिथे निवड अजून राजाच्या हातात आहे.

कावेबाज बोका

म्हणजे राजा नसलेलं पदक राजा असलेल्यापेक्षा लोकशाहीवादी निघालं. मान्य. पण शिपायांचं काय ते राहिलंच.

विमानवेडा

बोकोबा, सोनेरी मेरिट क्रॉसवर वेगळा धागा काढा, मी येतो. त्यात विमानातले हवालदार पण आहेत.